डावी अंडगोळी

मी भित्रा माणूस आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणाला वाटायला नको की हा एरवी मोठा छातीठोक गडी आणि एकदाच काय तो घाबरला. मी पालीला घाबरतो, दाताच्या डॉक्टरला घाबरतो. कॉलेजात असताना मित्रांबरोबर कर्नाळ्याला गेलो तर सुळक्याच्या खाली सगळ्यांच्या पिशव्या राखत बसलो होतो. पण ती सगळी भीती एका पारड्यात टाकली तरी त्या चार महिन्यांच्या भीतीपुढे ती काहीच नव्हती.

डिसेंबरातली सकाळ होती. आमचा मुलगा तेव्हा तीन महिन्यांचा. आंघोळ करताना साबणाचा हात फिरला आणि डाव्या अंडगोळीवर काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं, कडक. दाबून पाहिलं, दुखेना. उजवीकडे चाचपलं, तिथे तसलं काही नाही. परत डावीकडे. परत उजवीकडे. बादलीतलं पाणी गार होऊन गेलं तरी मी आपला उभाच. बाहेरून बायकोने दार ठोठावलं, "अहो, झोपलात की काय आत?"

"आलो," म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

तिला सांगायला काय हरकत होती? काहीच नाही. पण आमच्या घरात शरीराच्या त्या भागाला नावच नव्हतं. हात, पाय, नाक, कान सगळ्यांना नावं होती. त्याला मात्र लहानपणी एकच शब्द होता, 'झाक'. चौतीस वर्षांचा झालो, लग्न झालं, बाप झालो, तरी तोंड उघडलं की तोच शब्द आडवा यायचा. मी मूग गिळून गप्प बसलो.

पंधरा दिवसांनी गावी गेलो. आमचं गाव उरणच्या बाजूला, खाडीकाठी. तिथे पुरुषाच्या अंडाला पाणी भरणं म्हणजे सर्दी-पडशाइतकं साधं. आमच्याच घराण्यात तिघांना भरलं होतं. आजोबांचं तर इतकं वाढलं होतं की ते धोतराखाली वेगळी झोळी बांधायचे, असं सांगतात. काकांचं ऑपरेशन झालेलं. काका जुने मच्छीमार. एरवी तोंडाला कुलूप, पण हा विषय निघाला की त्यांची कळी खुलते. सरकारी शिबिरात डॉक्टरने अंधाऱ्या खोलीत त्यांना उभं केलं आणि मागून बॅटरी लावली, ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेन.

"लाल भडक दिसला रं," काका म्हणायचे. "बलप पेटल्यासारखा. डाक्टर बोलला, उजेड पार गेला म्हंजे पानी. काय घाबरू नको."

त्या दिवशी होडीच्या सावलीत बसलो असताना मी हळूच विषय काढला. एका मित्राला असं असं झालंय म्हणून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तशातली गत. काकांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि जाळ्यातली सुई बाजूला ठेवली.

"दुकतंय का तुज्या मित्राला?"

"नाही."

"मंग पानीच. दुकत नाय तवर काय नाय. एरंडाचा पान गरम करून बांद म्हनावं, आनि वरून लंगोट कस." मग हसून म्हणाले, "मित्राला सांग, घराण्याचा वारसा हाय, कुटं जातोय."

जीव भांड्यात पडला. दुखत नाही म्हणजे काही नाही. हे वाक्य मी पुढचे तीन महिने मनात जपत होतो. न दुखणारी कडक गाठ हीच जास्त काळजीची असते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी होडीतच आडवा झालो असतो.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मी न्हावा शेव्याच्या बाजूला एका यार्डात कंटेनर सर्व्हेअर आहे. रिकामा कंटेनर माल भरायला देण्याआधी तो धड आहे का बघणं, हे माझं काम. त्यात एक लाइट टेस्ट असते. मी आत जातो, माझा जोडीदार बाहेरून दोन्ही दारं बंद करतो. आत मिट्ट काळोख. मिनिटभर उभं राहायचं, डोळे सरावले की छत, भिंती, कोपरे निरखायचे. कुठे टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला की पत्र्याला भोक आहे, कंटेनर बाद. इतकी वर्षं मी अंधारात उभं राहून, उजेड दिसू नये म्हणून बघतोय. मी, जो पालीला घाबरतो. सवय होते सगळ्याची.

तर काकांची बॅटरी माझ्या डोक्यात बसली. एका रविवारी दुपारी, बाळ झाल्यापासून आमच्याकडेच असलेली माझी आई बाळाला घेऊन आडवी झाली होती, बायको दोन तासांसाठी माहेरी गेली होती. मी बाथरूममध्ये शिरलो. बल्ब बंद केला. दाराच्या फटीला टॉवेल लावला, वरच्या झरोक्याला जुना पेपर चिकटवला. मोबाइलचा टॉर्च लावला आणि मागून धरला.

कातडी लाल उजळली. मध्ये मात्र काळं. गोल, काळं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. काकांच्या हिशेबाने सगळंच उजळायला हवं होतं. मोबाइल बादलीत पडता पडता वाचला. मग कुठून अक्कल सुचली कोण जाणे, मी टॉर्च उजवीकडे लावला. तिथेही तेच. कडेने लाल, मध्ये काळं. हात्तिच्या! दोन्हीकडे सारखंच, म्हणजे सगळं ठीक. मी बल्ब लावला, पेपर काढला, चेहऱ्यावर पाणी मारलं आणि चहा टाकायला गेलो. माणसाला ऐकायचं असतं तेच ऐकू येतं, आणि भित्र्याला तर जरा जास्तच.

पण बोटं काही गप्प बसत नव्हती. रोज आंघोळीला गेलो की पहिलं ते. वाटाण्याचा हरभरा झाला, हरभऱ्याचं बोर. यार्डात कंटेनरमध्ये दारं बंद झाली की मला छत दिसेना, कोपरे दिसेनात. आपण गेलो तर बाळाला आपला चेहराही आठवणार नाही, एवढंच डोक्यात. एकदा तर जोडीदाराने दार उघडलं तेव्हा मी खाली बसलेला होतो. "काय रे, चक्कर आली का?" म्हणाला. मी म्हटलं, उपास आहे. मंगळवार होता, खपून गेलं.

एरंडाची पानंही बांधून झाली. रेल्वेच्या कडेला झुडपं आहेत, तिथून चोरासारखी खुडून आणायचो. तव्यावर गरम करायची, वर लंगोट कसायचा, वर पँट चढवायची आणि दिवसभर उन्हात यार्डात फिरायचं. कातडी हुळहुळून निघाली. गाठ जागची हलली नाही.

बायकोला पान सापडलं ते कचऱ्याच्या डब्यात. आईच्या गुडघ्याचं असेल असं आधी तिला वाटलं. आईला विचारलं, तर आई म्हणाली, माझे गुडघे ठणठणीत आहेत. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ते काळं पडलेलं पान ओट्यावर ठेवलेलं. ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावलं.

"काय आहे हे?"

मी सांगितलं. उभ्या उभ्या, भिंतीकडे बघत.

रागावली की ती 'अहो' सोडते. "किती दिवस?"

"चार महिने होतील."

"चार महिने? आणि तू तिथे पान बांधत होतास? पान? घरात तीन महिन्यांचं पोर होतं आपल्या आणि तू..." तिने ओढणीने डोळे पुसले, माझ्या दंडावर एक जोरात फटका मारला आणि फोन हातात घेतला. दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट.

आईला सांगितलं की पाण्याचं दुखणं आहे, काकांसारखं. आई म्हणाली, "मंग काय, काडून टाकतील." आणि बाळाला खेळवत बसली. तिला तेवढंच सांगायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं.

मूत्रविकाराचे ते डॉक्टर स्टेशनपासून जवळच, एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर बसायचे. साठीचे असतील, शांत. "काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"लघवीला जरा जळजळ," मी म्हणालो. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

"खोटं बोलतोय," बायको म्हणाली. "गाठ आहे. चार महिन्यांपासून. डावीकडे."

डॉक्टरांनी पडद्यामागे नेऊन तपासलं. त्यांची बोटं गाठीपाशी आली आणि थांबली. तिथल्या तिथे त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली. ती करणाऱ्या बाई होत्या, माझ्यापेक्षा लहान. एरवी मी लाजेने मेलो असतो. त्या दिवशी लाज कुठे पळाली होती कोण जाणे. मी फक्त त्यांचा चेहरा बघत होतो. त्या फक्त पडद्याकडे बघत होत्या.

रिपोर्ट घेऊन परत डॉक्टरांकडे. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि एक कोरा कागद ओढला.

"तुम्ही शिकलेले आहात, म्हणून चित्र काढून सांगतो. दहावीत हा धडा होता ना?"

"होता. सरांनी घरी वाचायला सांगितला होता."

"सगळ्यांना तेच सांगतात," ते म्हणाले.

त्यांनी एक पिशवी काढली. ही वृषणकोश, अंडाची पिशवी. तिच्यात दोन अंडगोळ्या. एकेका गोळीत सुतासारख्या बारीक नळ्यांची भेंडोळी असतात, तिथे शुक्रजंतू तयार होतात. तयार व्हायला अडीच महिने लागतात, एका दिवसाचं काम नाही ते. गोळीच्या पाठीला एक मऊ दोरीसारखी गुंडाळी असते, तिथे ते जंतू पक्व होतात. तिथून एक नळी वर जांघेतून पोटात शिरते, लघवीच्या पिशवीला वळसा घालून खाली येते. वाटेत दोन ग्रंथी आपापला रस त्यात मिसळतात, त्यातली एक म्हणजे प्रोस्टेट. आणि सगळं मिळून लघवीच्याच मार्गाने बाहेर. दाढी-मिशा, आवाज, ताकद हे सगळं ज्या हार्मोनवर चालतं तेही याच गोळ्या रक्तात सोडतात.

"मग एवढी महत्त्वाची गोष्ट बाहेर का टांगून ठेवलीय?" मी विचारलं. भीतीने माणूस काहीही विचारतो.

"कारण आत गरम असतं. शुक्रजंतूंना पोटापेक्षा जरा गार जागा लागते. थंडीत पिशवी आखडते, उन्हाळ्यात सैल पडते. ती तिचं काम करत असते, तुम्ही लक्ष देत नाही."

मी त्यांना टॉर्चचं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "पिशवीत पाणी साठलं तर पाण्यातून उजेड जातो. अंडगोळी स्वतः भरीव असते, तिच्यातून कधीच जात नाही. दोन्हीकडे काळं दिसलं म्हणजे पाणी दोन्हीकडे नाही. एवढाच त्याचा अर्थ."

म्हणजे मी त्या बाथरूममध्ये बरोबर बघितलं होतं आणि साफ चुकीचं वाचलं होतं. ज्याची भाकरी अंधारात उजेड वाचण्यावर चालते, तो मी. स्वतःच्या दोन मुस्काटात माराव्यात असं वाटलं.

"गाठ भरीव आहे," डॉक्टर म्हणाले. "गोळीच्या आतून आहे. असल्या गाठीचा तुकडा काढून तपासत नाहीत. जांघेतून छोटी चीर देऊन पूर्ण गोळीच काढायची आणि मग तपासायला पाठवायची. कॅन्सर असण्याची शक्यता बरीच आहे. हा लवकर हाती लागला तर बरा होणारा कॅन्सर आहे, हेही ऐका. तुम्ही पहिलं वाक्य ऐकून थांबला आहात, दुसरंही ऐका."

मी खरंच थांबलो होतो. बायकोने माझा हात धरला. तिचा हात बर्फासारखा होता.

"एका गोळीवर सगळं चालतं," ते पुढे म्हणाले. "संसार, मूल, दाढी, सगळं. तरीही ऑपरेशनआधी वीर्य साठवून ठेवा. पुढे औषधं द्यावी लागली तर जंतू कमी होऊ शकतात." मग लिहिता लिहिता सहज विचारलं, "लहानपणी दोन्ही गोळ्या खाली होत्या ना?"

"म्हणजे?"

"या गोळ्या पोटात तयार होतात. मूल आईच्या पोटात असतानाच, जन्माच्या थोडं आधी, जांघेतून खाली पिशवीत उतरतात. काही मुलांची एखादी वरच अडकते. सहा महिन्यांत आपोआप नाही उतरली तर वर्ष-दीड वर्षाच्या आत छोटं ऑपरेशन करून ती खाली बसवायची असते. उशीर झाला तर ती नीट वाढत नाही, आणि पुढे मोठेपणी गाठीचा धोका थोडा जास्त राहतो. तुमचं काय होतं?"

"मला काय माहीत?"

"आईला विचारा," ते म्हणाले. "फाइलीत लिहावं लागेल."

आईला विचारा! कॅन्सर शब्दाने जेवढा हादरलो नव्हतो तेवढा या दोन शब्दांनी हादरलो.

वीर्य साठवायला वाशीला गेलो. एक लहानशी खोली, एक खुर्ची, झाकणाची एक डबी आणि दारावर आतून कडी. मी पहिली वीस मिनिटं नुसता रडलो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रुमाल तोंडात कोंबून रडलो. बाहेर बायको बसली होती. मी आलो तेव्हा तिने काही विचारलं नाही, फक्त पाण्याची बाटली पुढे केली. आता दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला जातो तेव्हाही ती तशीच बाहेर बसलेली असते, आणि सुई टोचायच्या आधीच मला घाम फुटलेला असतो.

ऑपरेशनला चार दिवस राहिले होते. मी सुट्टी टाकली होती. बायको कामावर गेली होती. सकाळचे नऊ वाजले असतील, आई नेहमीसारखी बाथरूमच्या बाहेर, पाय लांब करून पाटावर बसली होती. बाळ तिच्या पायांवर उताणं. बाजूला खोबरेल तेलाची वाटी. सात महिन्यांचं ते पोर तेल लागलं की गुळगुळीत होऊन निसटायला बघायचं आणि आई त्याला दटावायची, "थांब रं माज्या सोन्या, मासोली हायस का तू?"

मी समोर उंबऱ्यावर बसलो. घरात आईशी मी गावचंच बोलतो.

"आये, एक इचारू?"

"इचार ना."

"मी ल्हान असताना... माज्या दोन्ही गोल्या खाली व्हत्या का?"

तिचा हात थांबला. वर बघितलं नाही. मला वाटलं आता रागावणार. पण ती हळूच हसली. अभिमानाने हसली.

"तुजी डावी वर व्हती," ती म्हणाली. "जनल्यापासून. सुईनीनं सांगला मना. हाताला लागंच नव्हती. मी कोनाला कलू दिला नाय. तुज्या आजीला तं नायच नाय. ती बोलली असती, सुनेनं अर्दा पोर जनला. गावात कसा असतो ना तुला म्हायती हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुज्या बापाला पन नाय सांगला. रोज तेल लावला, पोटावरशी खाली, हलक्या हातानं. चार वरसं. एक दिस हाताला लागली." तिने बोटांनी वाटीतलं तेल निपटलं. "मीच उतरवली ती."

चार वर्षं. मी मनात ऑपरेशनचा कागद, डॉक्टरांचं ते वर्ष-दीड वर्ष, सगळं जुळवत होतो. आणि तेवढ्यात माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. तो परत चालू झाला होता. बाळाच्या पोटावरून खाली, हलक्या हाताने. परत वरून खाली. एकाच बाजूने.

मी उंबऱ्याची चौकट धरली.

"आये," मी म्हणालो, "याचं काय?"

तिने वाटीत बोटं बुडवली.

"आये, मी काय इचारतोय? याच्या दोन्ही हायत का?"

"येल हाय अजून," ती म्हणाली.

"कोनी सांगला तुला?"

"डाक्टरनीनं. जनला त्याच दिवशी. तू डूटीवर व्हतास, सुनेला सलाइन लावलेली, पोर माज्या मांडीवर. ती बोलली, आजी, एक गोली खाली आली नाय, सा म्हयन्यांत नाय आली तं दाकवा. कागदावर पन लिवलाय बोलली." मग माझ्याकडे बघून, समजावल्यासारखं, "पोरगी घाबरली असती रं. दूद आटला असता तिचा. मनात बोलले, काय दाकवायचा त्यात? तुजी उतरवली ना मी? याची पन उतरवते."

कागद. हॉस्पिटलातून घरी सोडताना दिलेला कागद. कपाटात, बाळाच्या लशींच्या कार्डामागे. मी दिवसभर यार्डात लोकांच्या कागदातली ओळ न् ओळ वाचतो, आणि माझ्या पोराचा कागद मी घडी करून ठेवून दिला होता. इंग्रजीत होता, डॉक्टरी अक्षर होतं, पोर सुखरूप होतं, मग कोण वाचतंय.

मला तिच्यावर ओरडायचं होतं. खरं सांगतो, ती तेलाची वाटी उचलून भिंतीवर आपटायची होती. पण पोर तिच्या हातात होतं. स्वतःच्या मरणाची भीती चार महिने वाटत होती. ही भीती वेगळी होती. त्या पायांवरच्या गुळगुळीत पोराकडे बघून मला वाटत होतं की ते आत्ताच माझ्या वयाचं झालंय आणि कुठेतरी आंघोळ करता करता थांबलंय.

आईला माझं तोंड दिसलं असणार. "काय झाला रं?" ती म्हणाली. "तुजा पानीच काडतायत ना?"

"पानी नाय, आये. गाठ हाय. पुरी गोलीच काडतायत."

"कंची?"

मला खोटं बोलता आलं असतं. उजवी म्हटलं असतं तर तिला जन्मात कळलं नसतं.

"डावी," मी म्हणालो.

बाळ हात पाय उडवत होतं. आई माझ्याकडे बघत राहिली. ती रडली नाही, देवाचं नावही घेतलं नाही. मला तिला सांगायचं होतं की तेल लावून काही बिघडत नाही आणि तुझ्या जागी दुसरी कुणी असती तरी तिने हेच केलं असतं. यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. निघायला हवं होतं.

तिने बाळाला उचललं. आंघोळ न घालताच, तेलकट अंगाने, टॉवेलात गुंडाळलं. स्वतःच्या पदराला हात पुसले.

"माजी चप्पल दे," म्हणाली. "कागद काड. पोरांचा डाक्टर कुटं बसतो?"

रिक्षातून मी बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी निघाले."

मुलांच्या दवाखान्यात तोबा गर्दी. सर्दीवाली, तापवाली, लशीवाली पोरं, त्यांच्या आया, दोन-चार बाप, एक आजोबा. बसायला जागा नाही. आमच्या सोसायटीतली एक बाई नातवाला घेऊन कोपऱ्यात बसलेली, तिने आईला हात केला. काउंटरवरच्या मुलीने रजिस्टर पुढे ओढलं.

"बाळाला काय होतंय?"

मी वाकलो. आवाज खाली नेला. "ते जरा... डॉक्टरांशीच बोलायचंय."

"सर, इथे लिहावं लागतं."

माझ्या मागे रांग होती. माझे कान तापले. इतकं सगळं होऊन गेलं होतं, चार दिवसांनी माझी गोळी काढणार होते, हातातल्या कागदावर ओळ छापल्यासारखी स्पष्ट होती, आणि तरी तो शब्द माझ्या जिभेवर येईना. मी म्हणालो, "चेकअप."

आईने बाळाला एका खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने मला बाजूला सारलं.

"चेकप नाय," ती म्हणाली. खाडीच्या या काठावरून त्या काठावर हाक मारावी तसा तिचा आवाज. "लिव. याची एक गोली वर रायलीय. जनल्यापासून. मना डाक्टरनीनं सांगला व्हता आनि मी लपवून ठेवला."

सोसायटीतली बाई आमच्याकडे बघत होती. मुलीचं पेन रजिस्टरवर टेकलेलं, तसंच.

"लिव ना," आई म्हणाली. "याच्या बापाची पन अशीच व्हती. ती पन मीच लपवली. चवतीस वरसं. आता त्याला त्यातच कॅन्सर झालाय." तो शब्द मी तिच्यासमोर एकदाही उच्चारला नव्हता. "समदा लिव, बाय. माजा नाव पन लिव."